टाकायचं उत्तर

"क्ष बरोबर नऊ किंवा दोन!" अख्ख्या अकरावीनं एका सुरात सांगितलं, आणि चौगुले सरांनी हातातला खडू खिडकीतून बाहेर भिरकावला.

खडू बाहेर चरणाऱ्या शेळीला लागला. शेळी ओरडली. वर्ग हसला. सर हसले नाहीत. पौष महिन्याची थंडी होती, तरी त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

हे गणित त्या आठवड्यात फळ्यावर कितव्यांदा आलं होतं ते फळ्यालाच ठाऊक. वर्गमुळात क्ष अधिक सात, बरोबर क्ष उणे पाच. दोन्ही बाजूंचा वर्ग करा, वर्गमूळ जातं. मग अवयव पाडा, क्षच्या दोन किमती येतात, नऊ आणि दोन. इथपर्यंत हुपरीची पोरं तरबेज होती. पण पुढं त्या दोन्ही किमती मूळ समीकरणात घालून बघायच्या, ताळा करायचा, आणि जी जुळत नाही ती टाकून द्यायची, एवढं शेवटचं काम काही केल्या त्यांच्या हातून होत नव्हतं.

"दोन घालून बघा," सर म्हणाले. "डावीकडं नवाचं वर्गमूळ, म्हणजे तीन. उजवीकडं दोन उणे पाच. किती?"

"उणे तीन."

"तीन आणि उणे तीन सारखे असतात?"

"न्हाय, सर."

"मग दोनचं काय करायचं?"

पहिल्या बाकावरचा ज्ञानू पोतदार डोकं खाजवत उठला. "सर, पन त्यो आपुनच काडलाय न्हवं? हिशेबात कुटं चुकलोय का आपुन?"

"नाही."

"मग टाकायचा कशाला?"

जोतीराम चौगुले हा हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातला शेतकऱ्याचा पोरगा. घरातला पहिला बी.एस्सी. सकाळी म्हशीची वैरण कापायची, मग उसाच्या गाड्यांमागं रखडणाऱ्या एसटीतून हुपरी गाठायची. वर्गात तो पुस्तकातली मराठी बोलायचा, पण राग आला की ती मराठी कुठल्या कुठं पळायची. आताही पळाली.

"आरं, वर्ग केलासा न्हवं तुम्ही? वर्ग केला की तीनाचाबी नऊ आनि उणे तीनाचाबी नऊ! दार उघडं ऱ्हायलं आनि त्यातनं बिनबोलवलेला पावणा आत शिरला! त्येला जेवायला वाढून बसलायसा!"

पोरं पुन्हा हसली, आणि वहीत लिहिलं, नऊ किंवा दोन. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. शेवटच्या बाकाकडं सरांची नजर गेली. तिथं मदिना मुल्लाणी बसायची. वर्गातली तीच एक अशी, की अवयव पाडताना तिचं बोट कधी अडखळत नसे. तेव्हा अकरावी म्हणजेच मॅट्रिक, आणि ही पोरगी मॅट्रिक होणार असं सरांनी मनाशी धरलं होतं. त्या दिवशीही बाक रिकामा होता, आणि आदल्या दिवशीही.

शाळा सुटल्यावर सर थेट तिच्या घरी गेले.

हुसेन मुल्लाणीचं घर म्हणजे पुढं चांदीच्या दागिन्यांचा कारखाना आणि मागं चूल. हुपरीत बहुतेक घरं तशीच. हुसेन शेगडीपुढं मांडी घालून बसला होता. तोंडात फुंकणी, गाल टम्म फुगलेले, फुंकणीच्या टोकाला दिव्याची ज्योत आडवी होऊन पैंजणाच्या कडीवर पडत होती. शेजारी मदिना चिमट्यानं एकेक घुंगरू उचलून कडीला लावत होती. तिच्या बोटाला भाजल्याचा ताजा डाग होता. सरांना बघून ती उठायला लागली, तर बापानं फुंकणी न काढताच हातानं बस म्हणून खुणावलं.

सांधा जुळला तशी त्यानं फुंकणी खाली ठेवली. "या मास्तर. शाळा का बुडवली ते इचारायला आलायसा, व्हय?"

"ख्वाजा कुठं गेला? तो करायचा की हे काम."

ख्वाजा हुसेनच्या भावाचा मुलगा. लहानपणापासून ह्याच शेगडीवर वाढलेला.

"काडला त्येला," हुसेन म्हणाला. "घुंगरू सांदायच्या झाळंत जस्त जादा घालत हुता. काम भराभर हुतंय म्हनून. कोल्लापूरच्या गुजरीत शेटनं एक जोड आटवून बगितला, चांदीचा टंच कमी भरला. सगळा माल परत. मी त्येला इचारलो, तू केलास का? तर म्हनतोय, थोडंच घातलो काका. थोडंच!" हुसेननं शेगडीतला निखारा चिमट्यानं फोडला. "आता कबनूरला हाय, यंत्रमागावर. आनि माझ्या घरात लगीनसराईचं काम पडलंय. हात पायजेत मास्तर, हात."

"तिचं मॅट्रिकचं वर्ष आहे."

"म्हायती हाय की."

अमीरबी, मदिनाची आई, चुलीकडून चहा घेऊन आली. नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "पोरीला शिकायचंय. मी सांगून थकले."

हुसेननं फुंकणीचं टोक फडक्यानं पुसलं. मग म्हणाला, "हे बगा. तुमची ती पूर्वपरीक्षा हाय न्हवं? त्यात समद्या विषयात पास झाली तर मॅट्रिकच्या फॉरमावर सही करतो. मग उपाशी ऱ्हाऊ, पन बसू दे परीक्षेला. न्हाय झाली तर हितं बसंल. मी शब्द फिरवत न्हाय, तुमीबी फिरवू नगासा."

बाकीच्या विषयांची चिंता नव्हती. घोडं अडत होतं ते गणितात, आणि गणितात ह्या वर्गमुळांशी. पण सरांना वाटलं, पोरगी हुशार आहे, महिना हातात आहे. "कबूल," ते म्हणाले आणि उठले.

उंबऱ्यात अमीरबीनं त्यांना अडवलं. "सर, पाय झाडून जावा."

सरांना कळेना. उंबऱ्याशी एक गोणपाट होतं. त्यावर उभं राहून पँट झटकायची, चपला आपटायच्या. चांदीचा कण बाहेर जाऊ नये म्हणून. चोराची झडती घ्यावी तसं त्यांना वाटलं. रस्त्यावरची दोन माणसं बघत होती. बी.एस्सी. झालेल्या माणसानं गोणपाटावर उभं राहून पाय आपटले आणि तोंड लाल करून ते बाहेर पडले.

तेव्हापासून शाळा सुटली की सर मुल्लाण्याच्या ओट्यावर. मदिना सकाळी शाळेत, दुपारनंतर शेगडीपुढं, आणि घुंगराची एक रांग लावून झाली की मधल्या वेळात गणित. बापाच्या फुंकणीचा आवाज चालूच असायचा. टाकणखाराच्या वासानं सरांचं डोकं दुखायचं. पोरीची बोटं काळी, मांडीवर वही. वर्ग करणं, अवयव पाडणं, सगळं भराभर. आणि शेवटी ठरलेलं, दोन्ही किमती.

"ताळा, मदिना! ताळा!"

ती ताळा करायची. दोन जुळत नाही, हे तिला दिसायचं. पेन्सिल दोनवर यायची आणि तिथंच थांबायची.

"खोड."

"सर, ऱ्हाऊ दे की. कडंला लिवतो."

"कडेला नाही, टाकून दे! त्याची किंमत शून्य!"

तिनं दोनभोवती एक गोल काढला. खोडलं नाहीच. सरांनी वही हिसकावून घेतली आणि ओट्यावर आपटली. लगेच त्यांना लाज वाटली. हुसेननं फुंकणी काढून एकदा बघितलं आणि पुन्हा तोंडात घातली.

तेवढ्यात अमीरबी केरसुणी घेऊन आली. कारखान्याचा कोपरान् कोपरा तिनं इतक्या हळू झाडला की धूळ म्हणून उडाली नाही. केर सुपलीत घेतला आणि भिंतीशी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात ओतला. मदिनानं हात धुतले तेही एका घमेल्यात, आणि ते पाणी मोरीत गेलं नाही, तसंच निवळत ठेवलं.

"हे सगळं कशाला ठेवता?" सरांनी विचारलं.

"झारेकरी येतोय की वरसानं," अमीरबी म्हणाली. "केर इकत घेतोय. धुतोय, चांदी काडतोय. हिला इचारा. सा वरसाची हुती, मला मदत म्हनून केर उकिरड्यात टाकून आली. ह्यांनी हिला असं हानलं, असं हानलं! मग आमी समदी चाळण घिऊन उकिरड्यावर. अर्धी गल्ली बगत हुती."

मदिना मान खाली घालून घुंगरू लावत होती. "त्या दिसापास्नं मी काय टाकलो न्हाय, सर," ती म्हणाली.

सर तिच्याकडं बघतच राहिले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. ज्या पोरांच्या घरात हात धुतलेलं पाणीसुद्धा टाकत नाहीत, त्या पोरांना ते इतके दिवस सांगत होते, काढलेलं उत्तर टाका म्हणून! अख्खा वर्ग त्याच घरांमधला. त्यांना हसू आलं आणि रडूही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पुसला आणि खडू खालीच ठेवला.

"झारेकरी केर नेतो. नेऊन काय करतो?"

"धुतोय सर!" वर्ग जागा झाला.

"सगळी चांदीच निघते?"

"न्हाय सर, मातीच जास्त!"

"मातीचं काय करतो?"

"फेकतोय!"

"फेकली म्हणून कुणाचा बाप रडतो?"

हशा पिकला. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "ताळा म्हणजे धुणं! धुतल्याशिवाय टाकू नका, आणि धुतल्यावर माती जपून ठेवू नका!"

त्या दिवशी सगळ्या वर्गानं दोन खोडला. मदिनानंही खोडला, हळूच, पेन्सिलीनं. सर एसटीत उभ्यानं गेले पण पाय दुखले नाहीत. घरी आईला म्हणाले, "आज जमलं." आईला वाटलं म्हशीचं काहीतरी जमलं.

आनंद आठवडाभर टिकला. मग एका सकाळी सरांच्या ध्यानात आलं की पोरं फार लवकर गणितं संपवतायत. ज्ञानूची वही उचलून बघितली. अवयव पाडले होते, एक किंमत खोडली होती. मधे ताळ्याचा पत्ता नव्हता.

"धुतलं कुठं रे?"

"आता धुवायला लागत न्हाय सर," ज्ञानू अभिमानानं म्हणाला. "मोठं ठेवायचं, बारकं फेकायचं. दर टायमाला बारकंच माती निगतंय."

सरांनी आपण घातलेली सगळी गणितं आठवून बघितली. पोरगं खरं बोलत होतं. त्यांनी घातलेल्या एकूण एक गणितात लहान किंमतच खोटी होती. येरे माझ्या मागल्या! त्यांनी वही ज्ञानूच्या डोक्यात हाणली, पण खरं तर ती स्वतःच्याच डोक्यात हाणायची होती.

"पूर्वपरीक्षेत ताळा दाखवला नाही तर ताळ्याचे दोन मार्क मिळणार नाहीत," त्यांनी बजावलं. "कुणालाही. बाप घेऊन आला तरी नाही." आणि त्या रागात पेपर काढताना त्यांनी एक गणित मुद्दाम घातलं. वर्गमुळात पाच क्ष उणे सहा, बरोबर क्ष. ह्याच्या दोन किमती येतात, दोन आणि तीन, आणि दोन्ही खऱ्या असतात. न धुता बारकं फेकणारे सगळे ह्यात बरोबर सापडणार होते.

पेपर त्यांनी रविवारी घरी, गोठ्याशेजारी बसून तपासले. एकापाठोपाठ एक. ज्ञानू, तीन. त्याच्या मागचा, तीन. तीन, तीन, तीन. सगळ्यांनी दोन फेकला होता. लाल पेन फिरवून सरांचं मनगट दुखायला लागलं.

शेवटी मदिनाचा पेपर. क्ष बरोबर दोन किंवा तीन.

सर ताडकन उठले. म्हशीनं दचकून मान वर केली. एकीला आलं! मग त्यांनी पान उलटलं, पुन्हा सुलटलं. ताळा नव्हता. एक ओळही नव्हती. त्यांनी बेरीज केली, परत केली, तिसऱ्यांदा केली. पासाला दोन मार्क कमी पडत होते. ताळ्याचेच दोन.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं.

"दोन्ही किमती खऱ्या हे तुला कसं कळलं?"

मदिना पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.

"ताळा मनात केलास? तोंडी केलास? सांग, केलास ना?" सर जवळजवळ विनवतच होते.

"न्हाय सर. केलो न्हाय. येळ कमी हुता," ती म्हणाली. "समदी बारकं फेकत हुती. मला टाकवंना."

इतक्या दिवसांची बडबड, तो झारेकरी, ते धुणं, सगळं पाण्यात. आणि उत्तर मात्र बरोबर! त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढं सरकवला. "कर. आत्ता कर."

ती उभ्यानंच वाकली. पाच दुणे दहा, उणे सहा, चार, वर्गमूळ दोन. जुळलं. पाच त्रिक पंधरा, उणे सहा, नऊ, वर्गमूळ तीन. जुळलं. तिनं मान वर केली. सरांनी दुसरं एक गणित घातलं, ह्या खेपेस लहान किंमत खरी आणि मोठी खोटी. तिनं दोन्ही घालून बघितल्या, आणि मोठीवर सरळ रेघ ओढली. ठळक, पेन्सिल दाबून. मग ती स्वतःच त्या रेघेकडं बघत राहिली.

"आलं की गं तुला!" सर ओरडले. शेजारच्या टेबलावरचे चित्रकलेचे मास्तर दचकले.

त्याच उमाळ्यात सरांनी लाल पेन उचललं, आणि तिच्या पेपरावर ताळ्याच्या जागी दोन मार्क मांडले. केलाच की हिनं ताळा, आता केला म्हणून काय झालं? बेरीज बदलली. मदिना ते सगळं बघत होती.

फॉर्म पाठवायचा तो शेवटचा दिवस होता. संध्याकाळच्या आत हुसेनची सही आणायची, असं हेडमास्तरांनी बजावलं होतं. शाळा सुटल्यावर सर फॉर्म खिशात घालून जवळजवळ पळतच मुल्लाण्याच्या घरी पोचले. मदिना आधीच शेगडीपुढं बसली होती.

"पास झाली, हुसेनभाई! सगळ्या विषयांत!"

अमीरबीनं हातातली परात खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. हुसेननं फुंकणी काढली. त्याचा चेहरा थकलेला होता, पण त्यानं हात पुसले आणि पुढं केला. "द्या. शब्द दिलाय न्हवं." सरांनी फॉर्म उलगडला, पेन दिलं.

सही करायच्या आधी त्यानं पोरीकडं बघितलं. "गणितात झालीस? मला वाटलं न्हवतं."

मदिनाच्या चिमट्यातलं घुंगरू खाली पडलं. ती ते उचलेना.

"झालो न्हाय, अब्बा," ती म्हणाली.

"मदिना!" सर ओरडले.

"पेपरात ताळा न्हवता. सरांनी आज करून घेतला आनि मग मार्क दिले. मागनं." ती सरांकडं वळली. "वर्गाला सांगितलंय, ताळा न्हाय तर मार्क न्हाईत. ज्ञानूला न्हाईत दिले. मी घालून बगितलो सर. जुळत न्हाय."

हुसेनच्या हातात पेन तसंच होतं. त्यानं सरांकडं बघितलं. ख्वाजाकडं त्यानं असंच बघितलं असेल, असं सरांना वाटून गेलं, आणि कानाच्या पाळ्या तापल्या.

"थोडंच घातलंय, व्हय मास्तर?"

"अहो, कसली भेसळ आणि कसलं काय!" सरांची पुस्तकातली मराठी पार गळून पडली. "हिला येतंय आता! आख्ख्या वर्गात हिला एकटीला येतंय! माज्या डोळ्यांदेकत केलीया! तुमी म्हनाल ते गनीत घालतो, आता घालतो, करून दावंल! दोन मार्कापायी पोरीचं साल घालवतायसा? अहो, तिला गनीत आलंय!"

"आलंय?"

"आलंय!"

"खरं?"

"देवाशपथ आलंय!"

हुसेननं मान हलवली. पेन आणि बिनसहीचा फॉर्म त्यानं दोन्ही हातांनी, अगदी अदबीनं सरांना परत दिला.

"मग झालं की काम," तो म्हणाला. "शाळंत त्येच्यासाटीच घातली हुती. तुमचं लई उपकार हाईत, मास्तर."

त्यानं फुंकणी तोंडात घातली. ज्योत आडवी झाली. अमीरबी परात उचलून आत गेली, आणि आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला. मदिनानं खाली पडलेलं घुंगरू शोधून काढलं, फुंकून साफ केलं आणि कडीला लावलं. तिच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी ओघळत होतं, ते तिनं मनगटानं पुसलं.

सर काही तरी बोलायला उभे होते. पुढच्या वर्षी, असं म्हणावं, तर पुढच्या वर्षीची लगीनसराई त्यांनाही ठाऊक होती. ते वळले आणि तरातरा उंबरा ओलांडून रस्त्यावर आले.

"सर!" मागून मदिनाचा आवाज आला.

ते थांबले. काहीतरी बोलेल, परत या म्हणेल, असं त्यांना वाटलं. पोरगी शेगडीपुढून उठून उंबऱ्यापर्यंत आली होती. हातात चिमटा तसाच होता.

"सर, पाय झाडून जावा."

जोतीराम चौगुले परत फिरले. गोणपाटावर उभे राहिले, आणि एक पाय, मग दुसरा पाय, नीट झाडला.